आज्ञा आणि श्रम : रेडिओवर चालणाऱ्या गाडीचा एक पाठ

इतिहासाच्या शिक्षकाने यंत्रावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. परंतु यंत्रालाही इतिहास असतो आणि ते कोणाच्या हाती असावे, हा तर इतिहासाचाच प्रश्न आहे. १९८५ साली वाळूज येथे बजाजचा कारखाना सुरू झाला, तेव्हापासून आपले शहर वाहनांचे शहर म्हणून ओळखले जाते. वाहने जोडणाऱ्या, रंगविणाऱ्या आणि वाहून नेणाऱ्या हातांची मुले आपल्या वर्गांत बसतात. त्या मुलांनी वाहनाकडे केवळ दुरून पाहू नये, त्याचा विचारही स्वतः करावा, या हेतूने आम्ही हा पाठ मांडीत आहोत. गाडी लहान आहे, तळहाताहून थोडी मोठी. तिच्यातील तत्त्वे मात्र मोठ्या वाहनांचीच आहेत.

दुरून चाक कसे फिरते?

आपल्या शहरातील पाणचक्की सर्वांनी पाहिली आहे. या रचनेत कित्येक किलोमीटर दूरच्या डोंगरातून खापरी नळांद्वारे पाणी आणले गेले आणि त्या पाण्याच्या जोरावर पीठ दळणारे जाते फिरले. तेथे चाक फिरविणारी शक्तीच दुरून येत होती.

रेडिओवर चालणाऱ्या गाडीत असे घडत नाही. आपल्या हातातील रिमोटमधून निघणारी लहर इतकी क्षीण असते की तिने चाक तसूभरही हलणार नाही. चाक फिरविण्याची शक्ती गाडीतच, तिच्या सेलमध्ये असते. दुरून येते ती केवळ आज्ञा. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ साली कोलकात्याच्या टाउन हॉलमध्ये अदृश्य लहर भिंतीपलीकडे पाठवून घंटा वाजविली. निकोला टेस्ला यांनी १८९८ साली न्यूयॉर्क येथे एक लहान नौका तारेविना चालवून दाखविली. ऑगस्ट २०२३ मध्ये चंद्रावर उतरलेला आपला २६ किलो वजनाचा प्रज्ञान रोव्हरही याच तत्त्वावर चालला. शक्ती त्याच्या सौरपट्टीची, आज्ञा पृथ्वीवरची. आज्ञा आणि शक्ती यांची ही फारकत समजली, की निम्मा पाठ समजला.

साहित्य आणि सांगाडा

सांगाड्यासाठी ५ मिलिमीटर जाडीचा सनबोर्ड किंवा पातळ प्लायवूड घ्यावा. सुमारे २० सेंटिमीटर लांबी आणि १२ सेंटिमीटर रुंदी पुरते. मागच्या बाजूस पिवळ्या रंगाच्या, दातेरी चक्रे बसविलेल्या दोन बीओ मोटर आणि ६५ मिलिमीटर व्यासाची दोन चाके बसवावीत. पुढे ‘कॅस्टर’ या नावाने मिळणारे, सर्व दिशांना मोकळे फिरणारे एक चाक पुरेसे असते. स्टिअरिंगची गरज नाही. डावे चाक थांबवून उजवे फिरविले की गाडी डावीकडे वळते. रणगाडाही असाच वळतो.

सेल हा गाडीतील सर्वांत जड भाग. ते मागच्या चाकांजवळ आणि शक्य तितके खाली ठेवावेत. भार चालत्या चाकांवर असला, तर चाके जमीन धरतात, अन्यथा ती जागीच घसरतात. मोटरींसाठी पुन्हा चार्ज होणारे १.२ व्होल्टचे ६ सेल, म्हणजे ७.२ व्होल्ट. आज्ञा वाचणाऱ्या भागासाठी वेगळे ४ सेल, म्हणजे ४.८ व्होल्ट. दोन्ही संचांची ऋण टोके मात्र एकत्र जोडलीच पाहिजेत. जुन्या मोबाइलमधील लिथियम बॅटऱ्या मुलांनी वापरू नयेत, त्या पेट घेऊ शकतात.

आज्ञेची भाषा

आज्ञा पाठविणे आणि वाचणे या कामांसाठी बाजारात एचटी१२ई आणि एचटी१२डी या दोन आयसी मिळतात. पहिली एन्कोडर, दुसरी डिकोडर. एन्कोडर चार बटणांची स्थिती शून्य व एक या अंकांत लिहून एकामागोमाग पाठविते आणि प्रत्येक वेळी आधी आठ अंकी पत्ता जोडते. आठ अंकांचे २५६ पत्ते होतात. पत्ता जुळला, तरच डिकोडर आज्ञा मानते. एन्कोडरला १.१ मेगाओहम आणि डिकोडरला ५१ किलोओहमचा रेझिस्टर लावावा, कारण डिकोडरचे अंतर्गत घड्याळ सुमारे ५० पट वेगाने चालावे लागते. रिमोटमध्येही ४ सेलच घालावेत, म्हणजे दोन्ही बाजूंचा व्होल्टेज सारखा राहतो.

आज्ञा वाहून नेण्यासाठी ४३३ मेगाहर्ट्‌झचा लहान ट्रान्समीटर आणि रिसीव्हर घ्यावा. या लहरीची लांबी सुमारे ६९ सेंटिमीटर असते. अँटेनासाठी तिच्या चौथ्या हिश्श्याइतकी, म्हणजे १७.३ सेंटिमीटर तार सरळ उभी करावी. येथे विद्यार्थ्यांना एक जुनी गोष्ट जरूर सांगावी. १९८० च्या दशकापर्यंत आपल्या देशात घरी रेडिओ ऐकण्यासाठीही टपाल कार्यालयातून परवाना घ्यावा लागत असे.

डिकोडरचे चार अंक एल२९३डी या मोटर चालविणाऱ्या आयसीला द्यावेत, प्रत्येक मोटरीस दोन. बटण दाबलेले नसताना सर्व अंक एक असतात. एका मोटरीचे दोन्ही अंक सारखे असले की ती थांबते. एक बटण दाबले की एक अंक शून्य होतो आणि मोटर पुढे फिरते, दुसऱ्या बटणाने मागे. म्हणजे प्रत्येक मोटरीच्या तीन अवस्था आणि दोघींच्या मिळून ३ गुणिले ३, अशा नऊ हालचाली. हा तक्ता मुलांनी आधी वहीत लिहावा, मग जोडणी करावी.

थांबण्याची व्यवस्था आधी

एचटी१२डीचा एक गुण आहे आणि तोच तिचा धोकाही आहे. ती शेवटची आज्ञा धरून ठेवते. ‘पुढे चल’ ही आज्ञा मिळाल्यावर गाडी लहरीच्या टप्प्याबाहेर गेली, तर ‘थांब’ ही आज्ञा तिच्यापर्यंत पोहोचतच नाही आणि ती पुढेच जात राहते. आमच्या विद्यार्थ्यांची पहिली गाडी अशीच व्हरांडा ओलांडून पायऱ्यांवरून खाली गेली.

उपाय त्याच आयसीमध्ये आहे. योग्य पत्त्याची आज्ञा येत असेपर्यंतच तिची ‘व्हीटी’ ही पिन चालू राहते. ती पिन एल२९३डीच्या १ आणि ९ क्रमांकांच्या पिनांना जोडावी. रिमोटमध्येही एन्कोडरच्या ‘टीई’ पिनेला स्वतंत्र बटण लावावे. ते दाबून धरले तरच आज्ञा निघते. अंगठा उचलला की गाडी थांबली पाहिजे आणि संपर्क तुटला तरीही थांबली पाहिजे. ज्याला चालविण्याचा अधिकार हवा, त्याने थांबविण्याची व्यवस्था प्रथम करावी.

पायरीपायरीने पडताळणी

सर्व जोडणी एकदम करून बटण दाबू नये. गाडी चालली नाही, तर दोष कोठे आहे हे कळत नाही आणि मूल निराश होते. म्हणून चार पायऱ्या पाळाव्यात. प्रथम मोटर सेलला थेट लावून फिरवावी. नंतर एल२९३डी मध्ये घालून तिचे अंक तारेने बदलून पाहावेत. तिसऱ्या पायरीस एन्कोडर आणि डिकोडर रेडिओविना, एका साध्या तारेने जोडावेत आणि दोघांची ऋण टोकेही एकत्र करावीत. व्हीटी पिनेवरील एलईडी लागला, म्हणजे पत्ता जुळला. शेवटी ती तार काढून तेथे रेडिओ आणावा.

रेडिओ आल्यावर टप्पा कमी पडला, तर प्रत्येक मोटरीच्या दोन टोकांमध्ये ‘१०४’ असा अंक छापलेला लहान कपॅसिटर लावावा. मोटरीच्या आतील ठिणग्याही रेडिओ लहरी सोडतात आणि त्यांच्या गोंगाटात आज्ञा बुडून जाते. दोन गट एकाच वेळी गाड्या चालवू लागले, तर पत्ते वेगळे असूनही अडथळा येतो, कारण पत्ता वेगळा असला तरी लहर एकच असते. तेव्हा पाळी लावावी.

यानंतर गणित. ६५ मिलिमीटर व्यासाच्या चाकाचा परीघ सुमारे २०४ मिलिमीटर. मोटर मिनिटाला २०० फेरे घेते असे धरले, तर वेग सेकंदाला सुमारे ६८ सेंटिमीटर येतो आणि १० मीटर अंतरास सुमारे १५ सेकंद लागतात. प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. एल२९३डी स्वतःच दीड-दोन व्होल्ट खाते आणि गाडीचे वजनही ओढावे लागते. वहीतील उत्तर आणि जमिनीवरील उत्तर यांत फरक का पडला, हे मुलांनी शोधणे हाच या पाठाचा गाभा आहे. ग्रंथात लिहिले आहे म्हणून मानू नये, पडताळून पाहावे, ही शिकवण येथे हाताने गिरविली जाते.

हा पाठ कशासाठी?

बाजारात तयार गाडी याहून स्वस्त मिळते, असे काही पालक म्हणतील. ते खरे आहे. परंतु तयार गाडी मुलाला केवळ बटण दाबणारा बनविते.

आपल्या समाजाच्या इतिहासात आज्ञा एकाची आणि श्रम दुसऱ्याचे, अशी वाटणी शतकानुशतके चालत आली. ज्यांच्या हातांना कातडे, लाकूड, लोखंड आणि दगड यांचे ज्ञान होते, त्यांना पुस्तक नाकारले गेले. ज्यांच्या हाती पुस्तक होते, त्यांनी हत्याराला हात लावणे कमीपणाचे मानले. या वाटणीची जी चिकित्सा बाबासाहेबांनी १९३६ साली ‘अॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये केली, ती आपणांस परिचित आहेच. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळताना त्यांनी तांत्रिक प्रशिक्षणाच्या प्रश्नाकडेही लक्ष दिले. ज्या मुलीने रिमोट बनविला तिनेच चाकही बसविले, ज्या मुलाने तक्ता लिहिला त्यानेच सोल्डरिंग केले, तर ती जुनी वाटणी निदान त्या टेबलापुरती मोडते. म्हणूनच गट पाडताना ‘डोक्याचे काम’ आणि ‘हाताचे काम’ अशी विभागणी आम्ही होऊ देत नाही. प्रत्येकाने दोन्ही करावयाचे.

माजी विद्यार्थ्यांपैकी अनेक जण आज कारखान्यांत, कार्यशाळांत आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत आहेत. त्यांच्याकडे आमचे मागणे लहान आहे. वापरात नसलेला मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, जुन्या खेळण्यांतील मोटर आणि वर्षातून एक रविवार. पालकांनाही विनंती आहे की, सुट्टीत घरी आलेल्या मुलाने बिघडलेला पंखा किंवा रेडिओ खोलून पाहण्याची इच्छा व्यक्त केली, तर प्लग काढलेला आहे याची खात्री करावी आणि त्याच्या हाती स्क्रू-ड्रायव्हर द्यावा.