विचारत बसू नकोस, डबा घेऊन जा

पोरी, दादाच्या लेकाला एएलएल, म्हणजे रक्ताचा कॅन्सर निघाला, तिघं परळला टाटात आहेत, आणि तू विचारतेस, "आत्या, त्यांच्याशी बोलू तरी काय?" माझ्या नातवाच्या वेळी मी नको ते सगळं बोलून बसले होते, तेव्हा योग्य माणसाला विचारलंस.

१. "काही लागलं तर सांग" म्हणू नकोस, "मंगळवारी बाराला डबा आणते" म्हण — काय लागतंय ते सुचायलाही डोकं ठिकाणावर लागतं.

२. वहिनी चार घास खाईपर्यंत पोराजवळ तू बस — माझी सून महिनाभर पोराच्या ताटातलं उरलंसुरलं खात होती, आणि मी मेली रोज विचारायची, "बाळ जेवलं का?"

३. "रक्ताचे काउंट किती आले?" हे घरातल्या एकानेच विचारावं आणि बाकीच्यांना कळवावं — तोच आकडा अकरा जणांना सांगताना बाप अकरा वेळा घाबरतो.

४. मोबाईलवर आलेला पपईचा पाला नि कुणा बाबाचा अंगारा तिकडे ढकलू नकोस — केलं नाही तर आपलंच चुकलं, असं आईच्या मनात बसतं.

५. "गरोदरपणी काही खाल्लं असेल" असं कुणी पुटपुटलं तर तिथल्या तिथे गप्प कर. मुलांचे कॅन्सर आईबापाच्या चुकीने होत नाहीत नि लागटही नसतात, हे वहिनीला दहादा सांग — डॉक्टरांनी दुपारी समजावलेलं रात्री दोनला पुसलं जातं.

६. दादाला एकट्याला चहाला ने आणि तूही गप्प बस. बाईचं रडू पदरात, बाप्याचं जिन्यात — माझा मुलगा धर्मशाळेच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींआड रडायचा, आणि आम्ही म्हणायचो, "किती खंबीर आहे!"

७. साधी शिंक आली तरी जाऊ नकोस, घरात कांजिण्या असतील तर मुळीच नको — किमोत पांढऱ्या पेशी घटतात, ताप १००.४ला पोचला की मध्यरात्रीही इस्पितळ गाठावं लागतं.

८. दादाच्या धाकट्या लेकीला शाळेतून तू आण.

९. हा उपचार दोन-अडीच वर्षं चालतो. वरातीला शंभर, भांडी घासायला दोघं. कॅलेंडरवर सातव्या महिन्यावर खूण कर — तेव्हा जिन्यात कुणाची चप्पल दिसत नाही.

१०. दादा-वहिनीची झोप उडाली, सारखं भरून यायला लागलं, तर समुपदेशकाकडे सोबत जा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबरही दे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं — आपल्या माणसापुढे धीर धरावा लागतो, तिथे नाही.

११. उपचार संपले की "सुटलात एकदाचे!" म्हणू नकोस — तपासण्या पुढे वर्षानुवर्षं असतात. माझा नातू बारावीत गेला, तरी तपासणीच्या आदल्या रात्री मी सुनेकडे झोपायला जाते.

मंगळवारच्या डब्यात पोरासाठी काही असलं तर ताजं, गरम ने, कच्ची कोशिंबीर नको. आणि स्टीलचा डबा परत मागू नकोस.