नलिका की ट्रान्झिस्टर?

वडिलांच्या मागे आमच्या घरी नाट्यसंगीताच्या काही लाँग-प्ले तबकड्या राहिल्या. त्या पुन्हा ऐकाव्यात, अशी आईची इच्छा. तबकडी फिरविणारे यंत्र होते, ध्वनिवर्धक व स्पीकरही होते. मधले पूर्ववर्धक, म्हणजे प्रीअँप्लिफायर, तेवढे निकामी झाले होते. नवे घ्यावयाचे ते नलिकेचे की ट्रान्झिस्टरचे? किमतीतील अंतर मोठे होते. म्हणून हा प्रश्न केवळ हौसेचा नव्हता. त्याच्या निमित्ताने आम्ही जे शिकलो, ते विद्यार्थिमित्रांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम पूर्ववर्धकाचे काम पाहू. तबकडीच्या खाचेतून फिरणारी सुई जो विद्युत्संदेश देते, तो बहुधा अवघा ५ मिलिव्होल्टच्या आसपास असतो. मुख्य ध्वनिवर्धकास तो साधारण १ व्होल्टपर्यंत हवा. म्हणजे सुमारे २०० पट वाढ झाली पाहिजे. शिवाय तबकडी कोरताना खर्जाचे स्वर दाबलेले व तारस्वर उंचावलेले असतात. कारण खर्जाने खाचा फार रुंद होतात आणि तारस्वर तबकडीच्या खरखरीत बुडतात. पूर्ववर्धकाने हा क्रम उलट करून मूळ तोल साधावयाचा असतो. त्याचे सर्वमान्य प्रमाण अमेरिकेत १९५४ साली ठरले.

हे वर्धन दोन रीतींनी होते. १९०६ साली ली डी फॉरेस्ट यांनी तीन अग्रांची नलिका सिद्ध केली. तिच्यातील तापलेल्या अग्रापासून निघालेले इलेक्ट्रॉन निर्वातातून धन पट्टीकडे धावतात व वाटेतील जाळी त्यांना आवरते. खाजन शेतातील मानशीची फळी किंचित हलविली तरी पाण्याचा लोंढा कमीअधिक होतो, तसेच हे. डिसेंबर १९४७ मध्ये बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला. त्याबद्दल शॉकली, बार्डीन व ब्रॅटन यांना १९५६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. येथे तापविणे नाही, निर्वातही नाही. घन अर्धवाहकातच प्रवाहाचे नियंत्रण होते.

नलिकेचा आवाज 'ऊबदार' असतो, असे रसिक म्हणतात. त्यास आधार आहे. कोणतेही वर्धक मूळ स्वरात थोडी भेसळ करतेच. साध्या रचनेच्या नलिका-वर्धकात ती मुख्यतः दुप्पट कंपनसंख्येची असते. षड्जाची दुप्पट म्हणजे तारषड्ज; तो मूळ स्वरात मिसळून जातो व गाणे भरदार वाटते. चांगल्या ट्रान्झिस्टर-वर्धकात ही भेसळ इतकी अल्प असते, की ती कानास सहसा कळत नाही. म्हणजे एक रंग चढविते, दुसरे जसे आहे तसे पुढे देते.

व्यवहाराची बाजूही पाहावी. नलिका झिजतात व काही हजार तासांनी बदलाव्या लागतात. त्यांना बहुधा २०० ते ३०० व्होल्ट दाब लागतो. यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये तो काही काळ राहू शकतो. म्हणून मुलांनी असे यंत्र कधीही उघडू नये. ट्रान्झिस्टरचे काम थोड्या व्होल्टांवर भागते.

अखेर एका स्नेह्याचे नलिका-यंत्र व दुकानातून पाहण्यास आणलेले ट्रान्झिस्टर-यंत्र शेजारी ठेवले. प्रथम नलिकेचेच गाणे सरस वाटले. पण त्याचा आवाज थोडा मोठा होता, हे नंतर ध्यानात आले. किंचित मोठा आवाज कानास बहुधा सरस भासतो. मग दोहोंचे आवाज मोजून सारखे केले, मध्ये पडदा धरला व कोणते यंत्र चालू आहे हे न सांगता तीच तबकडी दहा वेळा लावली. आमचे सहा अंदाज बरोबर आले, चार चुकले. नाणे उडवूनही इतके साधले असते. आई मात्र दोन गाण्यांमधील शांततेत नलिकेची बारीक गुणगुण ओळखी. गाण्याविषयी विचारता ती कोकणीत म्हणाली, "गाणें तेंच न्हय?"

आम्ही ट्रान्झिस्टरचे यंत्र घेतले. उरलेल्या पैशांत नवी सुई आली. जुन्या, झिजलेल्या सुईने तबकड्याच खराब होत होत्या. ज्यांना नलिकेचा रंग प्रिय आहे व तिची निगा राखणे शक्य आहे, त्यांची निवड चुकीची, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र कोणतीही वस्तू पारखताना आधी दोन्ही पारडी सारखी करावीत, नावावरचा पडदा पाडावा आणि मगच कौल द्यावा. आता आमच्या घरी संध्याकाळी वडिलांच्या तबकड्या पुन्हा वाजतात.