बंबवाल्या मामाचा कानमंत्र

वनरक्षकाचा फॉर्म भरलास, बरं केलंस. पण सिनेमात दिसतात तसे फक्त वणव्याशीच झुंजणारे जवान आपल्याकडे वेगळे भरत नाहीत. वनरक्षकच पाणवठ्यावरचे ठसे तपासतो, लाकूडचोर धरतो आणि डोंगर पेटला की तोच धावतो. जोडीला उन्हाळ्यापुरते रोजंदारीवर घेतलेले गावातले मजूर. त्यांना मान दे. वारा दुपारी कुठल्या खिंडीतून फिरतो हे त्यांना ठाऊक असतं. उपग्रहाने टिपलेल्या आगीचा निरोप मोबाइलवर येतो खरा, पण उपग्रह डोक्यावर येईपर्यंत गवत थांबत नाही.

माझी सगळी नोकरी बंबावर गेली. १९४४च्या मुंबई गोदीतल्या स्फोटात आमच्या अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. दर १४ एप्रिलला त्यांच्यासाठी मान खाली घालून उभे राहायचो आणि वर्दी आली की पुन्हा धुरात शिरायचो. अंगाला तीच सवय. तुला उलटं शिकायचंय. डोंगरावर आधी निसटायची वाट बघायची, मग आगीकडे बघायचं. आग चढणीला पळते, कारण वरचं गवत तिच्या झळीने आधीच वाळून तयार असतं. तिच्या वरच्या अंगाला कधी उभी राहू नकोस. घळीत तर नाहीच. घळ म्हणजे आपल्या चाळीचा लाकडी जिना, सगळा धूर नि झळ तिथूनच वर चढते. जळून काळी पडलेली, निवलेली जमीन जवळ ठेव. वारा फिरला तर पाय ठेवायला तीच. मार्च २०१८मध्ये तमिळनाडूत कुरंगणीच्या डोंगरात ट्रेकला गेलेली माणसं वणव्यात सापडली. तुझ्यासारखीच, सुट्टीला डोंगर चढणारी.

पाणी विसर. तिथे हायड्रंट नाही, होज नाही. खरं काम आग लागायच्या आधीचं: जाळरेषा, म्हणजे आग अडवणारा मोकळा पट्टा, साफ करायची, पाचोळा ब्लोअरने उडवायचा. हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून. हिरव्या डहाळीने आग विझवताना धपाधप आपटू नकोस, ठिणग्या उडतात, दाबून ओढ. तोंडावर ओला रुमाल बांधू नकोस. मीही आयुष्यभर ओलाच बांधला असता, पण झळीत त्याची वाफ होते आणि वाफ कोरड्या झळीपेक्षा जास्त भाजते. आणि ती दादरच्या दुकानातली चकचकीत ट्रेक पँट घरीच ठेव. नायलॉन वितळून कातडीला चिकटतं. जाड सुती घाल.

आग लावतं कोण, तेही समजून घे. कोणी नवं गवत चांगलं फुटेल म्हणून लावतं, कोणी मोहफुलं वेचायला खालचा पाला जाळतं, कोणाची विडी. गावात जाऊन दरडावू नकोस, चहा पी. पुढच्या वर्षी तीच माणसं तुला आधी फोन करतील.

मैदानी परीक्षेला मुलींना ३ किलोमीटर पळायचंय. शिवाजी पार्कच्या अडीच फेऱ्यांच्या वर थोडं. रोज पळ, पण रविवारी दादरहून उत्तरेकडे चालत सुट, पाठीवर पाच किलोची पिशवी घेऊन. तुझ्या नोकरीत पळणं थोडं, चालणंच फार.

आईची समजूत काढायचं माझ्यावर सोड. तू तिला फक्त सरकारी पगार सांग. जंगलातल्या सापांचा विषय मी तिच्यापुढे गणपतीनंतर काढतो.