एकच साथ, फटका निराळा

१९१८ च्या जूनमध्ये इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरात उतरला. सप्टेंबरात तो अधिक घातक होऊन परतला व आगगाडीच्या वाटेने देशभर पसरला. एक कोटीहून अधिक माणसे दगावली. पण सर्वत्र सारखी नाहीत.

जनगणना पाहा. १९११ ते १९२१ या काळात आजच्या महाराष्ट्राच्या प्रदेशातील लोकसंख्या सुमारे २ कोटी १५ लाखांवरून २ कोटी ८ लाखांवर आली. आजच्या तामिळनाडूत मात्र ती २ कोटी ९ लाखांवरून २ कोटी १६ लाखांवर गेली.

असे का? पश्चिम व मध्य भारतात साथीचा जोर मोठा होता. पूर्वेकडे व दक्षिणेकडे तो ओसरत गेला. त्यातच १९१८ चा पाऊस दगा देऊन गेला, धान्य महागले. अर्धपोटी माणसे लवकर खचली. मात्र त्या दशकात प्लेगही होता, स्थलांतरही होते. म्हणून सारी घट या एकाच साथीच्या नावे मांडू नका.

आता अर्धापूरजवळची दोन गावे कल्पनेने घ्या. दोन हजार वस्तीत २० मृत्यू, दहा हजार वस्तीत ५०. मदत आधी कोठे धाडाल? दर हजारी प्रमाण काढा, मगच उत्तर द्या. २०२० च्या कोविड साथीचे आकडे वाचतानाही हीच कसोटी लावा.