बाजाराची पिशवी

मागील पिढीतील गृहस्थ बाजारास निघाला म्हणजे प्रथम खुंटीकडे पाही. तेथे मांजरपाटाची अथवा जुन्या लुगड्याची पिशवी टांगलेली असे. बेळगावच्या शहापूर-वडगाव भागात आधी हातमाग व पुढे यंत्रमाग चालत आले. कापडाचा तुकडा घरात नाही, असे क्वचितच घडे. गूळ कागदात बांधून सुतळीने आवळलेला, फुले केळीच्या पानात, तेलास घरची बरणी. आपण जिला पिशवी म्हणतो व कन्नडभाषिक शेजारी कैचील म्हणतो, ती वस्तू दोन्ही घरी एकाच कामाची होती.

प्लॅस्टिकच्या पिशवीचा जन्म स्वीडन देशातला. तेथील स्टेन गुस्ताफ थुलिन ह्या अभियंत्याच्या पिशवीस 1965 साली अमेरिकेत पेटंट मिळाले. हलकी, स्वस्त, पाण्याने न भिजणारी अशी ती असल्यामुळे गेल्या शतकाच्या अखेरीस आपल्याही बाजारपेठांत शिरली. तिने आपली सोय केली हे नाकारण्यात अर्थ नाही. पावसाळ्यात तंबाखूच्या वा साखरेच्या पुड्याची काय दशा होत असे, हे निपाणीकरांस सांगावयास नको.

कर्नाटक सरकारने मार्च 2016 मध्ये ह्या पिशव्यांवर बंदी घातली. महाराष्ट्राची बंदी मार्च 2018 ची. मधल्या दोन वर्षांत असा चमत्कार होता की, कागलच्या दुकानात पन्नास मायक्रॉनहून जाड म्हणून कायदेशीर ठरणारी पिशवी निपाणीत येताच बेकायदा ठरे! सीमेवरील माणसास असल्या गोष्टींची सवय असते. आज दोन्हीकडे बंदी आहे, आणि पातळ पिशवी दोन्हीकडे सापडते. पोलिसांचा व नगरपालिकेचा दोष काढणे सोपे आहे. परंतु ती मागून घेणारा हात आपलाच असतो.

ह्याचा परिणाम सर्वांत क्रूरपणे भोगते ती गाय. आपण भाजीची साले, शिळे अन्न पिशवीत भरतो, वर गाठ मारतो व कोपऱ्यावर ठेवतो. गाईला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. ती जिभेने ओढून, निवड न करता गिळते. गाठ तिला सोडता येत नाही, म्हणून अन्नासह पिशवीही आत जाते. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातील मोठ्या कप्प्यात ती न पचता साठून राहते. पुढे पोट भरलेले दिसते आणि जनावर खंगत जाते. शस्त्रक्रियेखेरीज तो गोळा निघत नाही. सकाळी गोग्रास ठेवणाऱ्या आणि रात्री गाठ मारलेली पिशवी टाकणाऱ्या घरांत आमचेही घर होते, हे येथे कबूल केले पाहिजे.

आता सुपर मार्केटकडे वळू. तेथे पैसे देण्याच्या खिडकीशी कापडासारखी दिसणारी रंगीत पिशवी विकत मिळते. पुष्कळांस ती कापडाचीच वाटते. वस्तुतः ती बहुधा पॉलिप्रॉपिलीनची, म्हणजे न विणलेले प्लॅस्टिकच असते. आणि खरी सुती पिशवी घेतली तरी पुण्य आपोआप पदरी पडत नाही. ब्रिटनमधील पर्यावरण संस्थेने 2011 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असा हिशेब निघाला की, हवामानावरील भार पाहता सुती पिशवी 131 वेळा वापरली, तर ती एकदाच वापरून टाकलेल्या पातळ पिशवीच्या बरोबरीस येते. त्या न विणलेल्या पिशवीस 11 वेळा पुरतात. कापूस पिकविण्यास, सूत काढण्यास व विणण्यास जे लागते, त्याचा हा भार. गाईचे पोट व तुंबलेले गटार ह्या हिशेबात नाही. म्हणून पातळ पिशवी बरी, असा अर्थ कोणी काढू नये. परंतु लग्नात, वास्तुशांतीत, उद्घाटनात मिळालेल्या दहा-बारा पिशव्या कपाटात ठेवून अकरावी विकत घेणाऱ्यास हा आकडा विचार करावयास लावील. आठवड्यातून दोन वेळा बाजार म्हटले, तर 131 फेऱ्यांस सव्वा वर्ष लागते. तितके दिवस चांगली शिवलेली पिशवी सहज टिकते. जुन्या साडीची असेल तर तिचे कापड आधीच एक आयुष्य जगून आलेले असते.

अडचण विसरण्याची आहे. पिशवी घरात नव्हे, गाडीच्या डिकीत ठेवावी. बाजार रिकामा केला की लगेच परत तेथेच. भाजी तोलण्यासाठी मलमलीच्या दोन-तीन लहान थैल्या असाव्यात, व तोलणाऱ्यास रिकाम्या थैलीचे वजन आधी वजा करावयास सांगावे. मातीची भाजी आणलेली पिशवी धुऊन उन्हात वाळवावी.

देवळात येतानाही नारळ व फुले ह्याच पिशवीतून यावीत. निर्माल्याच्या टोपलीतून हार आणि पिशव्या वेगळ्या करण्याचे काम दर सोमवारी दोघांना अर्धा तास पुरते, आणि त्या दोघांपैकी एकाचे वय सत्तरीच्या पुढचे आहे.