मुखपृष्ठाचं एवढं दडपण घेऊ नकोस गं!

संगीताच्या मासिकाचं मुखपृष्ठ, अनुक्रमणिका, मुलाखतीची समोरासमोरची दोन पानं आणि त्याआधी तीन छापील अंकांचं विश्लेषण. एका सत्रात हे सगळं करायचं म्हटल्यावर पोटात गोळा येणारच. पण खरं सांगू का, ही कामं कागदावर दिसतात तेवढी वेगवेगळी नाहीत. दुसऱ्याच्या मुखपृष्ठाला जे प्रश्न विचारायचे, तेच पुढे आपल्या पानाला विचारायचे असतात. हे कोणासाठी आहे? हे इथेच का ठेवलं? हे काढून टाकलं तर काय बिघडेल? विश्लेषण मनापासून केलंस, तर तुझं निम्मं नियोजन तिथेच होऊन जाईल. म्हणून आत्ता लॅपटॉप मिट बघू, आणि वही काढ.

वहीच्या पानावर तीन रकाने आख. पहिल्यात डोळ्यांना जे दिसतं तेवढंच लिही: रंग, फोटो, नाव कुठे आहे, किती ओळी आहेत. दुसऱ्यात ते तसं का केलं असेल ते लिही. तिसऱ्यात त्यातून वाचक कोण दिसतो ते. मुली पहिल्या रकान्यात पान भरून लिहितात आणि दुसऱ्यात ‘लाल रंग लक्ष वेधून घेतो’ एवढ्यावर थांबतात. अगं, लक्ष तर प्रत्येकच मुखपृष्ठाला वेधायचं असतं! कोणाचं आणि कशासाठी, ते सांगितल्याशिवाय विश्लेषण होत नाही.

आता ‘क्यू’ घे. १९८६ मध्ये सुरू झालेलं आणि २०२० मध्ये बंद पडलेलं हे ब्रिटिश मासिक. नाव एका अक्षराचं, लाल चौकोनात पांढरं, आणि जागा वरचा डावा कोपरा. हा कोपरा का? दुकानाच्या मांडणीत मासिकं एकावर एक सरकवून ठेवलेली असतात आणि बऱ्याचदा त्यांची डावी पट्टीच तेवढी दिसते. ‘क्यू’चं नाव त्या पट्टीतही पुरतं वाचता येतं, आणि वरचा उरलेला भाग फोटोला मोकळा मिळतो. म्हणजे एका चौकोनामागे दुकानाचाही विचार आहे आणि फोटोचाही. असं लिहिलंस की दुसरा रकाना आपोआप भरतो बघ.

त्याच्या शेजारी ‘केरँग!’ ठेव. १९८१ मध्ये निघालेलं हे हेवी मेटल आणि रॉकचं मासिक, पहिल्याच मुखपृष्ठावर एसी/डीसीचा गिटारवादक अँगस यंग. इलेक्ट्रिक गिटारवर जोरात कॉर्ड मारल्यावर जो आवाज होतो, तेच याचं नाव, आणि नावाची अक्षरं तडे गेल्यासारखी. पानावर दाटी, मोठे मथळे, पोस्टरची जाहिरात. तुझ्या डोळ्यांना हा पसारा वाटेल, पण वहीत ‘गर्दी फार आहे’ असं लिहून मोकळी होऊ नकोस. ज्या वाचकाला कान बधिर करणारं संगीत आवडतं, त्याला हे पान आपलं वाटतं. दाटी इथे मुद्दाम केलेली आहे.

तिसरं म्हणून मी तुला ‘रोलिंग स्टोन’चा २२ जानेवारी १९८१ चा अंक सुचवेन. ॲनी लिबोविट्झ यांनी ८ डिसेंबर १९८० रोजी जॉन लेनन आणि योको ओनो यांचा फोटो न्यू यॉर्कमधल्या त्यांच्या घरी काढला. लेनन विवस्त्र, योकोंना अंग मुडपून बिलगलेला. त्या मात्र पूर्ण कपड्यांत. मासिकाला मुखपृष्ठावर एकटा लेनन हवा होता, दोघं एकत्र असण्याचा आग्रह त्याचा होता. त्याच रात्री त्याचा खून झाला. मुखपृष्ठावर मासिकाच्या नावाखेरीज एकही मथळा टाकला नाही. बातमी सगळ्या जगाला माहीत होती, तिथे शब्द लिहून कोणाला काय नवं सांगणार होते? मोकळी जागासुद्धा विचार करून ठेवावी लागते, हे या एका पानावरून शिकून घे. आणि लगेच ‘माझंही मुखपृष्ठ बिनशब्दांचं’ असं ठरवू नकोस बरं का. तुझ्या मासिकाचं नावही अजून कोणी ऐकलेलं नाही, त्यामुळे तुला शब्द लागणारच.

तिन्ही मुखपृष्ठं एकमेकांसारखी नाहीत आणि तिन्ही बरोबर आहेत, कारण प्रत्येकाला आपला वाचक ठाऊक आहे. तेव्हा तुझं पहिलं काम वाचक ठरवणं. ‘१५ ते ३५ वयोगट’ असलं मोघम उत्तर मला चालणार नाही. आपल्याकडेच बघ ना. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचं ‘संगीत कला विहार’ हे शास्त्रीय संगीत शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांसाठीचं मासिक. १९९३ मध्ये अमित सैगल यांनी अलाहाबादेतून सुरू केलेलं ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ भारतातल्या रॉक बँडसाठी आणि त्यांच्या चाहत्यांसाठी. दोन्ही संगीताचीच, पण एकाचं पान दुसऱ्याला लावून चालेल का? तुझं मासिक मराठी रॅपचं आणि नव्या बँडचं आहे ना? मग एक मुलगी डोळ्यांसमोर आण. नगरच्या कॉलेजात शिकते, एसटीत इअरफोन लावून बसते, स्वतः वहीत चार ओळी लिहिते पण कोणाला दाखवत नाही. रंग, फॉण्ट, मथळ्याची भाषा, अंकाची किंमत, प्रत्येक वेळी तिलाच विचार.

वाचक ठरला की फोटो. फॉण्ट नंतर, फोटो आधी. फोटोग्राफर मैत्रिणीला निघण्यापूर्वी पेन्सिलीनं काढलेलं कच्चं चित्र दे. फोटो उभा हवा, डोक्याच्या वर नावासाठी जागा हवी, एका बाजूला मथळ्यांसाठी सपाट, शांत पार्श्वभूमी हवी. मागे झाडाची पानं आणि दुकानांच्या पाट्या असतील, तर त्यांच्यावर कुठलंही अक्षर वाचता येत नाही. कलाकार थेट कॅमेऱ्यात बघतोय असेही फोटो घे आणि नजर बाजूला असलेलेही. थेट नजर वाचकाला थांबवते, बाजूची नजर ज्या दिशेला असेल तिकडच्या मथळ्याकडे नेते. इंटरनेटवरून उचललेला फोटो अजिबात नको. परवानगीचा प्रश्न तर आहेच, शिवाय तो छापल्यावर फुटतो. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटरचं पान ३०० डीपीआयला छापायचं, तर साधारण २४८० बाय ३५०८ पिक्सेल लागतात. एवढा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेव.

आता मथळे. अंकातलं सगळं मुखपृष्ठावर सांगायचा मोह होतो, तो आवर. एक मुख्य मथळा आणि चार छोटे पुरेत. मुख्य मथळा छोट्यांच्या निदान दुपटीनं मोठा कर, नाहीतर कुठून वाचायला सुरुवात करायची तेच वाचकाला कळत नाही. छोट्यांतला सगळ्यात ओढ लावणारा डाव्या बाजूला ठेव, का ते ‘क्यू’नं तुला सांगितलंच आहे. महिना, किंमत आणि बारकोड यांची जागा पहिल्याच आराखड्यात धर. ही तिन्ही शेवटी कोंबली की हमखास कोणाच्या तरी हातावर नाहीतर गिटारीवर बसतात.

देवनागरीचं जरा नीट ऐक, कारण इंग्रजी मासिकं बघून बघून आपण इथे फसतो. तिकडे नायकाचं डोकं मासिकाच्या नावावर चढवतात, तरी नाव ओळखू येतं. रोमन अक्षरं वरच्या अर्ध्या भागावरून ओळखता येतात आणि ती नावं वाचकांच्या डोळ्यांत बसलेली असतात. आपली बरीच अक्षरं शिरोरेषेच्या खाली एकमेकांपासून वेगळी होतात. तिथे डोकं आलं की नाव गेलं. तू नाव मोकळंच ठेव. अक्षरं लांब लांब ताणून बसवू नकोस, शिरोरेषा तुटते. आपल्याकडे कॅपिटल अक्षरं नाहीत, त्यामुळे जोर द्यायचा तो आकारानं, जाडीनं आणि रंगानं. वर वेलांटी-मात्रा आणि खाली उकार असल्यामुळे दोन ओळींत अंतर जास्त लागतं. मजकूर ११ पॉइंटचा असेल तर ओळींचं अंतर १५ ठेवून बघ. एक्-टाइपचे मुक्त आणि बलू हे फॉण्ट फुकट मिळतात, युनिकोड आहेत आणि कमी-जास्त जाडीत येतात. सुरुवातीला तेवढे दोन पुरेत, तिसरा शोधत रात्र घालवू नकोस. आणि इनडिझाइनमध्ये जोडाक्षरं फुटली, ऱ्हस्व वेलांटी भलत्या जागी गेली, तर रडू नकोस गं. परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये वर्ल्ड-रेडी कंपोझर निवड, बहुतेक वेळा तेवढ्यानं सगळं जागेवर येतं.

मुखपृष्ठ मार्गी लागलं की डमी कर. तुला तीनच गोष्टी द्यायच्या असल्या तरी अंक किती पानांचा हे ठरव, म्हणजे अनुक्रमणिकेतले पानांक खरे वाटतील. मध्ये पिना मारलेल्या अंकाची पानं चारच्या पटीत येतात, कारण एक ताव दुमडला की चार पानं होतात. ३२ पानांचा धर. आठ कोरे ताव एकात एक दुमड, पानांवर आकडे घाल, कुठे मुलाखत, कुठे परीक्षण, कुठे जाहिरात ते पेन्सिलीनं लिही. सम आकडा नेहमी डावीकडे येतो हे हातात धरल्यावर लगेच कळतं. दोन पानांची मुलाखत सम पानावर सुरू झाली तरच ती समोरासमोर येते.

अनुक्रमणिकेकडे दुर्लक्ष करू नकोस, तिथे फार गंमत करता येते. नेव्हिल ब्रॉडी १९८० च्या दशकात ‘द फेस’ची मांडणी करत होते, तेव्हा अनुक्रमणिकेचं शीर्षक त्यांनी अंकागणिक थोडं थोडं मोडत नेलं. शेवटी नुसते आकार उरले, तरी नेहमीच्या वाचकाला ते ओळखता येत होतं. तुझा हा पहिलाच अंक, त्यामुळे तू साधं ठेव. मजकूर चार गटांत विभाग, पानांक ठळक कर, आणि मुखपृष्ठावरचा प्रत्येक मथळा अनुक्रमणिकेत त्याच शब्दांत सापडतो का ते बोट ठेवून तपास. मुखपृष्ठावरचा रंग आणि फॉण्ट इथेही दिसू दे, म्हणजे अंक एकाच घरचा वाटतो.

मुलाखतीच्या दोन पानांत सगळ्यात मोठी काळजी मधल्या घडीची. कलाकाराचा चेहरा घडीत गेला तर कितीही चांगला फोटो वाया जातो, आणि मथळ्यातलं अक्षर घडीवर आलं तर ते गिळलं जातं. मोठा फोटो एका पूर्ण पानावर आणि मजकूर समोरच्या, ही सोपी वाट आहे आणि पहिल्या वेळी सोपीच वाट धर. मजकुराच्या पानाला दोन्ही बाजूंना १५ मिलिमीटर समास, तीन स्तंभ, मध्ये सहा-सहा मिलिमीटर जागा. म्हणजे प्रत्येक स्तंभ बरोबर ५६ मिलिमीटरचा होतो. वर मथळा, त्याखाली दोन ओळींचा इंट्रो, मग बायलाइन. मुलाखतीतलं एक धारदार वाक्य उचलून मोठ्या अक्षरांत मध्ये बसव. प्रत्येक फोटोला फोटोओळ हवीच.

नियम मोडावेसे वाटतील. ‘रे गन’ या अमेरिकी संगीत-मासिकात डेव्हिड कार्सन यांनी ब्रायन फेरीची मुलाखत कंटाळवाणी वाटली म्हणून चक्क चिन्हांच्या फॉण्टमध्ये लावली. एक शब्द वाचता येईना. पण तोच मजकूर त्यांनी त्याच अंकात दुसरीकडे वाचता येईल असा छापला होता. तूही मोड हवं तर, पण का मोडलास ते वहीतल्या दुसऱ्या रकान्यात लिहिता आलं पाहिजे.

शेवटच्या चार गोष्टी माझ्यासाठी कर. छपाईची फाइल सीएमवायकेमध्ये ठेव, पडद्यावरचा भडक निळा-हिरवा कागदावर तसा उतरत नाही. कडेला जाणाऱ्या फोटोला चारही बाजूंनी तीन मिलिमीटर ब्लीड दे. पान खऱ्या आकारात छापून भिंतीला लाव आणि खोलीच्या दुसऱ्या टोकाला उभी राहून बघ. नाव आणि मुख्य मथळा तिथून वाचता आला नाही, तर काहीतरी कमी करायचं आहे. आणि नावांचं शुद्धलेखन दुसऱ्या कोणाकडून तरी तपासून घे. आपणच टाइप केलेल्या चुका आपल्या डोळ्यांना दिसत नाहीत, आणि कलाकाराचं नाव चुकलेला अंक कोणी जपून ठेवत नाही.

तुला गाण्याची जाण आहे, वाचकही तू ओळखतेस. कौशल्य म्हणशील तर ते पानं लावता लावता हातात येतं. आज रात्री बाकी काही नको, वहीचे तीन रकाने आणि एक मुखपृष्ठ एवढंच कर. दुसऱ्या रकान्यात काय लिहिलंस ते मला उद्या वाचून दाखव.