जामच्या वाऱ्यात एक दिवस

“आज कुठेतरी जाऊन यावं” असं मनात आलं, की आपण बायका ते लगेच पुढे ढकलतो. पाहुणे यायचेत, सासूबाईंच्या गोळ्या आणायच्यात, कपड्यांचा ढीग तसाच पडलाय. अगं, ही कामं कधी कुणाची संपली आहेत का? म्हणून ताईच्या नात्यानं सांगते, पावसाळ्यात एखाद्या सकाळी घरात जीव कोंडल्यासारखा झाला ना, की तो दिवस स्वतःला दे. राऊ, महू, बडगोंदा करत जाम दरवाजापाशी जा.

इंदूरहून तो पन्नास-पंचावन्न किलोमीटरवर असेल. तिथे माळव्याचं पठार एकदम संपतं आणि खाली दूरवर निमाड पसरलेला दिसतो. समुद्रावरून आलेले पावसाळी वारे नर्मदेच्या खोऱ्यातून येऊन विंध्याच्या कड्याला धडकतात आणि वर चढतात. चढता चढता हवा गार होते, तिच्यातल्या बाष्पाचे ढग होतात. म्हणून तिथे ढग डोक्यावरून जाण्याऐवजी दरीतून वर येताना दिसतात. वारा तर इतका, की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. थोड्या वेळानं आपण बोलणंच सोडून देतो. घरी दिवसभर कुणाला ना कुणाला उत्तरं देत असतेस तू. तिथे तेवढा वेळ कुणी काही विचारत नाही. तुला हे हवंय, मला ठाऊक आहे.

आणि तो दरवाजा बांधला कुणी? आपल्या अहिल्याबाईंनी, 1791 मध्ये. राजधानी खाली महेश्वरला आणि कारभार वर माळव्यातही. ही घाटवाट नांदती राहावी, इकडे त्यांचं बारीक लक्ष होतं. एका बाईनं बांधलेल्या दरवाजात आपण बायकांनी बिचकत का उभं राहावं?

जायचं अचानक ठरव, पण निघताना बेतानं नीघ. एकटी जाऊ नकोस, दोघी-तिघी मैत्रिणी गोळा कर. सकाळी पोहे-जलेबी खाऊन लवकर बाहेर पडा. पेट्रोल महूलाच भरून घ्या. कुठे चाललोय आणि परत कधी येऊ, हे घरी सांगा. घाटात मोबाईलला रेंज मिळेलच असं नाही. छत्री नको, त्या वाऱ्यात ती टिकत नाही. टोपीचा रेनकोट घ्या, ओढणी घट्ट बांधा. धुकं दाटलं तर कड्याकडे पाऊलही टाकू नका, फोटोसाठी तर नाहीच. ओल्या दगडावर पाय कधी सरकतो, ते कळत नाही.

परतताना पाताळपाणीचा धबधबा बघायचा मोह होईल. बघा, पण लांबून. 2011 च्या जुलैत तिथे अचानक आलेल्या लोंढ्यात एक कुटुंब वाहून गेलं होतं. पाऊस वरच्या भागात पडतो, आपल्याकडे ऊन असलं तरी पाणी चढतं.

आणखी एक गोष्ट, जड मनानं सांगते. सप्टेंबर 2024 मध्ये याच जाम परिसरात रात्री थांबलेल्या दोन तरुण अधिकाऱ्यांवर आणि त्यांच्या मैत्रिणींवर हल्ला झाला, एकीवर अत्याचार झाला. दोष त्या मुलींचा मुळीच नव्हता, तो सर्वस्वी नराधमांचा. रस्ते रात्रीही आपले असायला हवेत, आणि ते मागत राहणं आपण सोडायचं नाही. पण ते होईपर्यंत तू दुपारी चारच्या सुमाराला घाट सोड. भीती वाटते म्हणून घरी बसू नकोस, एवढंच माझं म्हणणं.

टपरीवर भाजलेला भुट्टा खा, चहा घे, आणि कागद-पिशव्या आपल्याबरोबर परत आण. 2017 पासून देशात सर्वांत स्वच्छ ठरत आलेल्या शहराच्या लेकी आपण. कड्यावर कचरा टाकून आलो, तर त्या मानाला काय अर्थ?

तेव्हा पुढच्या वेळी मनात आलं, की यादी करत बसू नकोस. गोळ्या घरातला दुसरा कुणीही आणू शकतो, कपडे उद्याही धुता येतात. मैत्रिणींना फोन कर आणि नीघ.